गोळी चुकवू नका, गाव बदललं तरी

मी निपाणीची, तंबाखूच्या वखारीत कामाला. एचआयव्हीची गोळी रोज रात्री जेवून घेते. तुमचा रिपोर्ट नुकताच आला असेल तर आधी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीचं औषध देतात तिथं, नाव घाला. औषध फुकट मिळतं. बहुतेकांना टीएलडी, म्हणजे तीन औषधांची एकच गोळी देतात. पित्तावरचं पातळ औषध पीत असाल तर ही गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्या, नाहीतर तिचा जोर कमी पडतो. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून विचाराच.

उसाच्या हंगामाला कोल्हापूरकडे जाताय? निघण्याआधी केंद्रात सांगून जादा गोळ्या किंवा तिकडच्या केंद्रासाठी बदलीचं पत्र घ्या.

गोळी सुरू झाल्यावर ६ महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, तपासतात. विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडू नका, बायांनो. काही अडलं तर १०९७ या एचआयव्हीच्या हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे.