फ्लॉपी डीडी आहे की एचडी? आधी भोकं मोजा

रामबागेतलं जुनं घर आवरताना माळ्यावरून फ्लॉप्यांचा डबा निघाला, भाऊ म्हणाला दे भंगारात, पण त्यात बाबांचे हिशेब होते म्हणून मी वाचायला बसलो तर निम्म्या फ्लॉप्या "फॉरमॅट करू का" विचारायला लागल्या. असं आलं तर चुकूनही हो म्हणू नका! कित्येकदा नुसता डेन्सिटीचा, म्हणजे डेटा किती दाट लिहिलाय त्याचा घोळ असतो. डीडी म्हणजे डबल डेन्सिटी, एचडी म्हणजे हाय डेन्सिटी.

साडेतीन इंची फ्लॉपी घ्या, पत्र्याचं शटर खाली धरा आणि वरचे दोन कोपरे बघा. एका कोपऱ्यात सरकतं बटण असतं, ते आधी असं सरकवा की भोक आरपार दिसेल, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. दुसऱ्या कोपऱ्यात भोक नसेल तर डीडी, 720 केबी. असेल तर एचडी, 1.44 एमबी. ट्रॅक (चकतीवरची गोल वर्तुळं, ज्यांच्यावर डेटा लिहितात) दोन्हींत सारखेच, एका बाजूला 80, फक्त डीडीत एका ट्रॅकवर 512 बाइटचे 9 सेक्टर (म्हणजे ट्रॅकचे तुकडे) बसतात आणि एचडीत 18. (2.88 एमबीची ईडी पण निघाली होती, 36 सेक्टरवाली, पण ती मी तरी कधी हातात घेतलेली नाही.)

आता खरी गंमत. जुन्या डीडी ड्राइव्हला ते भोक कळतच नाही, त्यामुळे तिथे कुणी एचडी फ्लॉपी 720 ला फॉरमॅट केली असेल तर एचडी ड्राइव्ह भोक बघून 18 सेक्टर शोधत बसतो आणि सापडले नाही की फ्लॉपी खराब म्हणून मोकळा होतो. उपाय काय, तर भोकावर दोन्ही बाजूंनी काळी टेप, शटरपासून लांब आणि नीट दाबून, नाहीतर आत अडकेल. उलटा प्रकारही चालायचा, पैसे वाचवायला डीडीलाच भोक पाडून एचडी म्हणून वापरायची, पण तिचा मुलामा वेगळा असल्यामुळे त्यावरच्या डेटाचा भरवसा नाही, ती सगळ्यात आधी कॉपी करून घ्या.

सव्वापाच इंचीत हे भोक नसतंच. मधल्या गोलाला जाड रिंग असेल तर बहुतेक 360 केबी, नसेल तर 1.2 एमबी. आणि 360 वाली 1.2 च्या ड्राइव्हमधे फक्त वाचा, लिहू नका, त्याचं वाचायचं-लिहायचं हेड बारीक असतं त्यामुळे जुन्या रुंद ट्रॅकच्या कडा तशाच राहतात आणि मग 360 चा ड्राइव्ह गोंधळतो. हो, आणि हिच्यात राइट प्रोटेक्ट बरोब्बर उलटं, कडेची खाच झाकली की लिहिणं बंद.

बाबांच्या चार फ्लॉप्या नुसत्या टेपवर उघडल्या, एकीत 1994 चा किराण्याचा हिशेब निघाला.