काच सफाईचा पट्टा बांधताना या चुका टाळा

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या टीममधला एक मुलगा रेघांनी दोन दिवस हैराण झाला होता. वायपर कितीही नीट ओढला तरी काचेवर पाण्याची एक बारीक रेघ उरायचीच, कायम डाव्या टोकापासून बोटभर आत. त्याने साबण कमी केला, पाणी बदललं, फडकं बदललं. रेघ काही जाईना. शेवटी मी त्याचा वायपर घेऊन रबराच्या धारेवरून नख फिरवलं, तर एका जागी नख अडकलं. तिळाएवढी खाच होती. मग त्याच्या कमरेच्या सामानाच्या पट्ट्याकडे पाहिलं. एकाच पाउचमध्ये वायपर आणि त्याला खेटून टोपण नसलेला स्क्रॅपर, म्हणजे काचेवर चिकटलेला मळ खरवडायचं ब्लेड. वायपर दिवसातून शेकडो वेळा आत-बाहेर होतो, आणि त्यातल्या कुठल्याही वेळी रबर ब्लेडवरून जाऊ शकतं.

त्याचा हात चांगला होता, पट्टा चुकीचा बांधला होता. नवीन मुलं पट्टा दुकानातून जसा येतो तसाच कमरेला लावतात: जो पाउच जिथे शिवलाय तिथे, आणि जी वस्तू ज्यात मावेल त्यात. माझं सांगणं एवढंच की पट्टा हातांच्या क्रमाने लावायचा. आधी काच ओली करायची, गरज असेल तिथे स्क्रॅपर मारायचा, मग वायपर ओढायचा, शेवटी कडा पुसायच्या. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा वायपर उजवीकडे हवा आणि लोकरी कापड चढवलेला टी-बार डावीकडे, कारण वायपर ओढताना टी-बार डाव्या हातातच असतो आणि तिथूनच तो खाली जातो. डावखुऱ्याने हेच उलटं करावं. माझ्याकडे एक डावखुरा मुलगा वर्षभर उजव्या हाताचा पट्टा लावून काम करत होता, कारण त्याला दुसरं कुणी सांगितलंच नव्हतं.

ओलं आणि कोरडं शेजारी

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. टी-बारच्या पाउचला लागूनच मायक्रोफायबरचं फडकं खोवलेलं असतं. अर्ध्या तासात फडकं ओलं होतं, मग कडा पुसताना पाणी पुसलं न जाता पसरतं, आणि माणूस साबणाला दोष देतो. ओल्या वस्तू एका बाजूला, कोरड्या दुसऱ्या. फडकी दोन ठेवा: एक वायपरचं रबर आणि खालची चौकट पुसायला, दुसरं फक्त काचेच्या कडांना. दुसरं फडकं पँटच्या मागच्या खिशात ठेवलं तरी चालेल, पण ओल्याच्या बाजूला नको.

पँटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत भिजत असेल तर पट्ट्यावरची छोटी बादली जास्त भरली जातेय. तिच्यात तळाला दोन बोटं पाणी पुरतं. टी-बार मोठ्या बादलीत भिजवून हाताने पिळायचा आणि मगच पट्ट्यावर न्यायचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि ते दिवसभर एकाच कुल्ल्यावर लटकतं. संध्याकाळी कंबर एकाच बाजूला दुखत असेल तर आधी तिथे बघा.

वजन आणि घसरणारा पट्टा

पट्टा पोटावर बांधू नका. तो कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, दोन इंच तरी रुंद हवा, आणि बकल बेंबीच्या थोडं बाजूला हवं, नाहीतर वाकताना ते पोटात रुततं. सारखा घसरत असेल तर अजून आवळण्याआधी आतलं सामान काढून बघा. तीन मापांचे वायपर, स्प्रेची भरलेली बाटली, पक्कड, मोबाइल असं सगळं कमरेला बांधून फिरणारे मी पाहिलेत. खिडकी बघून ठरवा. आपल्याकडच्या सरकत्या खिडक्यांच्या पल्ल्याला दहा किंवा चौदा इंची वायपर बहुतेक पुरतो. शोरूमच्या मोठ्या काचेला अठरा इंची लागतो. दोन्ही एकाच वेळी कमरेला कशाला? मोबाइल तर ओल्या बाजूला कधीच नको.

वायपर हलका असावा हे काही आजचं नाही. इटलीहून अमेरिकेत जाऊन काचा पुसण्याचं काम करणाऱ्या एत्तोरे स्टेकोने या माणसाने १९३६ साली पितळी, एका रबराच्या हलक्या वायपरचं पेटंट घेतलं. त्याआधीचा वायपर जड होता, त्याला दोन रबरं होती, आणि ती बदलायला डझनभर स्क्रू काढावे लागत. हातात रोज जे जड वाटत होतं तेच त्याने बदललं. आपण मात्र हलका वायपर घेऊन कमरेला धोंडा बांधतो.

स्क्रॅपर कुठे

स्क्रॅपरला स्वतंत्र खिसा आणि टोपण, दोन्ही हवं. रबर वाचवायला तर हवंच, पण हातासाठीही. शिडीवर न बघता पाउचमध्ये हात घालणाऱ्याची बोटं उघड्या ब्लेडवर गेली की काय होतं ते मी पाहिलंय. ओला स्क्रॅपर पाउचमध्ये टाकला तर साध्या पोलादाच्या ब्लेडला एका रात्रीत गंज चढतो, आणि गंजलेलं ब्लेड काचेवर ओरखडे उठवतं. म्हणून तो कोरड्या बाजूला ठेवायचा आणि वापरला की पुसून आत टाकायचा. ब्लेड फक्त ओल्या काचेवर चालवायचं आणि फक्त पुढे ढकलायचं. मागे ओढलं की खाली अडकलेला सिमेंटचा कण काचेवरून घासत येतो. टफन (तापवून कडक केलेल्या) काचेवर तर आधी कोपऱ्यात थोडं चालवून बघा आणि मालकाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शिडी आणि ग्रिल

शिडीवर चढताना पोटासमोर काहीच नको. पुढचा पाउच पायरीला अडकतो, माणूस मागे झुकतो आणि तोल जातो. सगळं सामान कुल्ल्यांवर, किंचित मागच्या बाजूला, पण पाठीच्या कण्यावर काही नाही. पडलं तर त्यावरच पडणार. मुंबई-ठाण्यातल्या बॉक्स ग्रिलमध्ये आत शिरून काम करायचं असेल तर लांब दांड्याचा वायपर पाउचमधून बाहेर डोकावतो आणि सळईत गुंततो. तिथे पट्टा सरळ काढून ठेवा आणि हातात दोनच वस्तू घेऊन आत जा.

उंचीवर

इथे मला जरा कडक बोलू द्या. सामानाचा पट्टा म्हणजे सेफ्टी बेल्ट नव्हे. त्याच्या कडीला दोर अडकवून ‘तेवढ्यापुरतं’ बाहेर वाकणारे लोक मी स्वतः पाहिलेत. त्याचं बकल आणि शिलाई माणसाचं वजन झेलायला केलेली नसते. उंचीवर फुल बॉडी हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांना आवळून बांधायचा सुरक्षा पट्टा लागतो, आणि आपल्याकडे त्यासाठी आयएस ३५२१ हे मानक आहे. हार्नेसच्या लेबलवर ते बघून घ्या. आधी हार्नेस, त्यावर सामानाचा पट्टा, आणि हार्नेसची एकही कडी पाउचखाली झाकली जाता कामा नये. दोरावर फळीत बसून काम असेल तर बादली फळीला लटकवा, कमरेला नाही. बसल्यावर बाजूचे पाउच वर सरकून तिरके होतात आणि वस्तू निसटतात.

निसटणारी वस्तू हाच उंचीवरचा मोठा धोका. तीस मीटरवरून, म्हणजे साधारण दहाव्या मजल्यावरून सुटलेला वायपर अडीच सेकंदांत खाली पोचतो. हवेचा अडथळा सोडला तर वेग ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे जातो. खालच्याला हाक मारेपर्यंत वेळ संपलेला असतो. म्हणून प्रत्येक वस्तूला दोरी हवी, टोपणालासुद्धा. दोरी हात पूर्ण ताणला तरी ओढ बसणार नाही एवढी लांब, पण पायात गुंतणार नाही एवढी आखूड. किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात तो प्लॅस्टिकचा हुक इथे चालत नाही.

चामड्याचा पट्टा दिसायला देखणा असतो, पण कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते. नायलॉनचा घ्या.

नवीन पट्टा लावला की जमिनीवर उभं राहून एक सराव करा. स्क्रॅपरला टोपण असल्याची खात्री करा, डोळे मिटा आणि क्रमाने एकेक वस्तू काढून परत ठेवा. हात जिथे चाचपडेल तो पाउच चुकीच्या जागी आहे. संध्याकाळी पाउच रिकामे करून उलटे टांगा, आणि वायपर धारेवर दाब येईल असा कधी ठेवू नका, रबर वाकतं.

त्या मुलाच्या वायपरचं रबर आम्ही काढून उलटं बसवलं. दुसरी धार कोरी होती. स्क्रॅपर टोपण लावून उजव्या मांडीवरच्या वेगळ्या खिशात गेला. दिवाळीपर्यंतच्या सगळ्या खिडक्या त्याच रबरावर निघाल्या.