अमेरिकेची राज्यघटना एका दुपारी कशी वाचायची

आपली राज्यघटना वाचायला घेतली तर दमछाक होते. अमेरिकेची मूळ घटना मात्र साधारण साडेचार हजार शब्दांची आहे: सात कलमं, चार चर्मपत्रं. जेवून बसलात तर चहाच्या वेळेपर्यंत संपते. पण पहिल्या ओळीपासून सरळ वाचत गेलात तर हाती फारसं लागणार नाही. हा भांडणानंतर झालेला करारनामा आहे, आणि भांडण कशावरून होतं ते कळल्याशिवाय करारनामा कळत नाही. म्हणून क्रम थोडा उलटसुलट ठेवा.

1. आधी रद्द झालेला कागद

1781 मध्ये ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ लागू झाले, म्हणजे या घटनेच्या आधीची घटना. तेरा राज्यं, प्रत्येकाला एक मत. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या केंद्रीय विधिमंडळाने, राज्यांकडे पैसे मागायचे, पण कर लावायचा नाही. आर्टिकल्समध्ये काही बदलायचं तर तेराही राज्यांचा होकार हवा. आयात मालावर पाच टक्के जकात बसवायचा प्रस्ताव 1782 मध्ये इवल्याशा ऱ्होड आयलंडने अडवला. 1786 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी उठाव केला, जप्त्या थांबाव्यात म्हणून कोर्टांची कामं बंद पाडली. केंद्राच्या तिजोरीत खडखडाट. शेवटी बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी चक्क वर्गणी काढून फौज उभी केली. एवढं डोक्यात ठेवा आणि पुढे चला.

2. मग कलम 1, खंड 8

हातात पेन्सिल घ्या. इथे काँग्रेसच्या अधिकारांची यादी आहे: कर, कर्ज, राज्याराज्यांतला व्यापार, नाणी, सैन्य. वरच्या परिच्छेदातली एकेक अडचण ज्या ओळीने सुटते तिच्यापुढे खूण करत जा. यादीच्या शेवटी ‘आवश्यक आणि योग्य’ ते सगळे कायदे करायची मुभा आहे, तिच्याखाली दोन रेघा ओढा. 1791 मध्ये राष्ट्रीय बँक काढायची वेळ आली तेव्हा याच शब्दांवरून अर्थमंत्री हॅमिल्टन आणि परराष्ट्रमंत्री जेफरसन भिडले. बँकेचा उल्लेख घटनेत नाही, हा जेफरसनचा मुद्दा. कर आणि कर्जाचे अधिकार दिले म्हणजे त्यांचं साधनही दिलं, हा हॅमिल्टनचा. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने बँकेच्या कायद्यावर सही केली. केंद्राने किती हातपाय पसरावेत हा वाद तिथे अजून मिटलेला नाही.

3. आता थोडं मागे, कलम 1 चा खंड 2

इथे घाई करू नका. काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधिगृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरणार. लोकसंख्या कशी मोजायची? स्वतंत्र माणसं पूर्ण मोजायची, कर न देणारे इंडियन (अमेरिकेचे मूळ रहिवासी) सोडायचे, आणि ‘इतर सर्व व्यक्तीं’चे तीन पंचमांश धरायचे. हे ‘इतर’ म्हणजे गुलाम. मूळ घटनेत गुलाम हा शब्द एकदाही येत नाही, तो मुद्दाम टाळला आहे.

बरेच जण इथे चुकतात. दक्षिणेची राज्यं गुलामांना कमी लेखायला सांगत होती असं त्यांना वाटतं. होतं उलटं. मालकांना ते पूर्ण मोजायला हवे होते, कारण मतं गुलामांना नव्हती, पण जागा मालकांच्या राज्याला मिळत होत्या. एक लाख गुलाम म्हणजे जागावाटपात साठ हजार माणसं. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळातही तोच हिशेब पोचला. हे वाचल्यावर कलम 1 मधला खंड 9 पाहा: गुलामांच्या आयातीवर 1808 पर्यंत बंदी घालता येणार नाही.

4. सिनेट

काँग्रेसच्या या दुसऱ्या सभागृहात मात्र प्रत्येक राज्याचे दोन सदस्य, राज्य केवढंही असो. मॅडिसनला घटनेचा जनक म्हणतात, पण या मुद्द्यावर तो हरला: त्याला इथेही लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या. 16 जुलै 1787 रोजी फिलाडेल्फियात, घटना लिहिणाऱ्या परिषदेत, ही तडजोड पाच राज्यं विरुद्ध चार अशी निसटती पार पडली; मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींची मतं निम्मी-निम्मी फुटली. आज पावणेसहा लाखांच्या वायोमिंगला दोन सिनेटर, पावणेचार कोटींहून मोठ्या कॅलिफोर्नियालाही दोनच. हे बदलणं जवळपास अशक्य, कारण संमतीशिवाय कुठल्याही राज्याचा सिनेटमधला समान वाटा काढता येत नाही, असं कलम 5 बजावतं.

5. कलम 2 आणि 3 झरझर

राष्ट्राध्यक्षाचं कलम त्रोटक आहे. न्यायालयाचं त्याहून त्रोटक: सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती, हेही लिहिलेलं नाही. 1789 च्या कायद्याने सहा ठरवले. कायदा घटनाबाह्य ठरवायचा अधिकार कलमात शोधत बसू नका, तसा स्पष्ट शब्दांत तो तिथे नाही. 1803 मध्ये ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ खटल्यात सरन्यायाधीश मार्शलने तो निकालातून उभा केला.

6. शेवटी घटनादुरुस्त्या, तारखांसकट

हक्कांची सनद मूळ घटनेत नव्हती, आणि त्यावरून मंजुरीच्या वेळी मोठा गदारोळ झाला. पहिल्या दहा दुरुस्त्या 15 डिसेंबर 1791 रोजी मंजूर झाल्या. पाचवीतले ‘ड्यू प्रोसेस’ (कायद्याची योग्य प्रक्रिया) हे शब्द नीट वाचा. आपल्या घटनेच्या मसुद्यात ते घ्यायचा विचार होता. घटना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, त्यांनी हे शब्द घेण्यापासून सावध केलं, आणि आपल्या अनुच्छेद 21 मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली.

1789 मध्ये राज्यांकडे दहा नव्हे, बारा दुरुस्त्या गेल्या होत्या. उरलेल्या दोनांतली एक, खासदारांच्या पगाराची, तशीच पडून राहिली. तिला मुदतच घातलेली नव्हती. 1982 मध्ये टेक्सासमधल्या एका विद्यार्थ्याने ती अजूनही मंजूर होऊ शकते असा निबंध लिहिला आणि त्याला ‘सी’ मिळाला. चिडून त्याने राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रं धाडायला सुरुवात केली. 1992 मध्ये ती सत्ताविसावी दुरुस्ती झाली. 2017 मध्ये विद्यापीठाने त्याचा ‘सी’ खोडून ‘ए’ केला.