जुना कॅबिनेट स्टिरिओ दुरुस्त करताना

वर्षानुवर्षे न वापरलेला कॅबिनेट स्टिरिओ (एकाच लाकडी कपाटात रेकॉर्ड प्लेअर, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर असलेला संच) थेट विजेला जोडू नये; आधी 60 ते 100 वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब त्याच्याशी सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधूनच संचात जाईल असा, जोडावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जाता येते, पण तो पूर्ण तेजाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजून प्लग लगेच काढावा. व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) संचात प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या भागात) 300 व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब उरू शकतो. तो रेझिस्टरमधून (विजेला रोध करणाऱ्या भागातून) उतरवून मीटरने तपासल्याशिवाय आत हात घालू नये.

आवाज शून्यावर असतानाही घुमणारा सूर ऐकू येत असेल, तर बहुधा हेच कपॅसिटर निकामी झालेले असतात. नवे बसवताना क्षमता जवळपास तीच, व्होल्टेज तेवढेच किंवा जास्त आणि ध्रुव (अधिक-उणे टोके) अचूक हवेत. आवाजाच्या बटणाची खरखर मात्र, संच बंद ठेवून कॉन्टॅक्ट क्लीनर फवारला आणि बटण दोन्ही टोकांपर्यंत फिरवले की सहसा जाते.

रेकॉर्ड ठेवायची तबकडी संथ फिरत असल्यास मोटरला दोष देण्याची घाई करू नये. बहुतेकदा मेणासारखे घट्ट झालेले ग्रीसच आडवे येते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवे, बेताचेच वंगण द्यावे. सुई झिजलेली असेल तर ती बदलेपर्यंत चांगली रेकॉर्ड लावू नये.