लिनक्स रोजच्या कामाला चालेल का? आधी पेनड्राइव्हवरून वापरून बघा

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. ती रोजच्या कामाला चालेल का, असं कुणी मला विचारलं की मी आधी यादी करायला सांगते: कॉम्प्युटरवर तुम्ही रोज नेमकं काय करता? ब्राउझर, मेल, टायपिंग, व्हिडिओ कॉल, प्रिंट एवढंच असेल तर बहुतेक निभेल. यादीत फोटोशॉप किंवा ऑटोकॅड असेल आणि पोट त्यावरच असेल, तर विंडोज सोडू नका. ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी निघत नाहीत.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा जुना लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसेना. चालतं मशीन टाकून देणं जिवावर आलं, म्हणून मी लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार घेतला. नवख्याला मी त्याचीच सिनॅमन नावाची आवृत्ती सुचवते. मेन्यू, टास्कबार सगळं ओळखीचं वाटतं.

मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एकाच फाइलमध्ये) उतरवा आणि रूफस किंवा एचर या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा (त्यावरचं सगळं पुसलं जातं). मशीन सुरू होताना एफ१२ किंवा एस्केप दाबून, प्रत्येक कंपनीची की वेगळी असते, पेनड्राइव्ह निवडा. डेस्कटॉप येईल. इन्स्टॉल करेपर्यंत हार्ड डिस्क जशीच्या तशी राहते.

आता घाई नको. वायफाय जोडा, प्रिंटरवर एक पान काढा, कॅमेरा आणि माइक तपासा. मग झाकण मिटा, दहा मिनिटांनी उघडा. माझ्याकडे पडदा उजळला, पण वायफाय मेलेलं होतं. रीस्टार्ट केल्यावरच परत आलं. पुढे नवीन कर्नल (सिस्टिमचा गाभा) घातल्यावर ते सुटलं, पण आधी कळलं म्हणून धीर राहिला.

तुमची सर्वांत किचकट वर्ड फाइल लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे वर्डसारखं काम करणाऱ्या ऑफिस प्रोग्राममध्ये, उघडा. कॅलिब्री हा फॉन्ट नसेल तर त्याच्या जागी कार्लिटो येतो. अक्षरांची रुंदी तीच, त्यामुळे ओळी सहसा हलत नाहीत. तक्ते आणि मॅक्रो (फाइलमधल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा) मात्र नीट बघा. मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड लेआउटमध्ये इनस्क्रिप्ट ही अक्षरांची मांडणी मिळते.

सगळं जमलं तरच इन्स्टॉल करा, तेही बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेऊन आणि त्यातली एखादी फाइल उघडून बघितल्यावर. विंडोज ठेवायचं असेल तर 'डिस्क पुसा' हा पर्याय चुकूनही निवडू नका. इन्स्टॉल झाल्यावर पहिलं काम टाइमशिफ्ट या प्रोग्रामचं: त्याने एक स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची त्या क्षणाची प्रत, घ्या, मगच अपडेट चालवा. अपडेटने काही बिघडलं तर सिस्टिम त्या स्नॅपशॉटवर परत नेता येते. तुमची कागदपत्रं मात्र त्यात नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा चालू ठेवा.