जुन्या अमेरिकन ईयरबुकमधून एखाद्या सीनियरची ओळख कशी शोधावी आणि जपावी

अमेरिकेतील हायस्कूलमध्ये बारावीच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘सीनियर’ म्हणतात आणि शाळेच्या ईयरबुकात, म्हणजे विद्यार्थ्यांचे फोटो व वर्षभराचे उपक्रम छापणाऱ्या वार्षिक पुस्तकात, सर्वांत मानाची जागा त्यांचीच असते. खालच्या इयत्तांचे फोटो बहुधा टपाल तिकिटाएवढे छापले जातात. सीनियरचा फोटो मात्र मोठा, स्टुडिओत काढलेला आणि खाली पूर्ण नाव असलेला असतो. तरुणपणीच गेलेल्या अनेकांचा तोच एक चांगला फोटो मागे उरतो. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या भिंतीचे लोकार्पण १९८२ मध्ये झाले आणि आज तिच्यावर ५८,००० हून अधिक नावे आहेत. त्यांतील प्रत्येक नावाला किमान एक चेहरा मिळवून देण्याचे काम व्हिएतनाम व्हेटरन्स मेमोरियल फंड या संस्थेने हाती घेतले आणि २०२२ मध्ये पूर्ण केले, तेव्हा गावोगावच्या ग्रंथालयांत ईयरबुके चाळणाऱ्या स्वयंसेवकांचा त्यात मोठा वाटा होता. असे काम कोणालाही आपल्या माणसासाठी करता येते; त्यासाठी पैशांपेक्षा चिकाटी अधिक लागते.

पायरी १ : नाव, गाव आणि वर्ष निश्चित करा

जन्मवर्षात १८ मिळवले की शाळा सोडल्याचे वर्ष साधारणपणे हाती लागते. तरीही त्याच्या मागचे आणि पुढचे वर्ष तपासलेच पाहिजे. स्त्रियांचा शोध माहेरच्या आडनावाने घ्यावा, कारण ईयरबुकात तेच असते. कुटुंब कोणत्या गावात राहत होते हे ठाऊक नसेल, तर १९५० च्या जनगणनेचे तक्ते उपयोगी पडतात. ७२ वर्षांच्या गोपनीयतेची मुदत संपल्यावर ते एप्रिल २०२२ पासून सर्वांना मोफत पाहता येतात.

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांचा शोध घेताना आडनावाची सर्व संभाव्य इंग्रजी रूपे लिहून घ्यावीत. ‘जोशी’च्या शेवटी ‘आय’ आहे की ‘डबल ई’, एवढ्या फरकानेही नाव निसटते. शाळेत रूढ झालेले छोटे नावही घरच्यांकडून विचारून ठेवावे.

पायरी २ : पुस्तक मिळवा

सुरुवात त्या गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयापासून करावी. तेथील स्थानिक इतिहास विभागात किंवा काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) इतिहास मंडळात ईयरबुकांची रांग बऱ्याचदा सापडते. नेमके वर्ष आणि नाव देऊन नम्रपणे ईमेल केल्यास ग्रंथपाल संबंधित पानाची प्रत पाठवतात, असा अनेकांचा अनुभव आहे. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयावर असंख्य ईयरबुके विनामूल्य पाहता येतात. वंशावळ शोधण्याच्या अँसेस्ट्री या संकेतस्थळाचा संग्रह मोठा आहे, पण सहसा वर्गणी भरावी लागते. संगणकीय शोधात नाव आले नाही म्हणून थांबू नये. नक्षीदार टाइपात छापलेली नावे यंत्राला नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे सीनियर विभाग पानोपान डोळ्यांनी पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

दक्षिणेकडील राज्यांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्याच्या निकालापूर्वी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे तेथे कृष्णवर्णीय मुलांची हायस्कुले वेगळी होती. पुढे एकत्रीकरण झाले तेव्हा त्यांतील अनेक शाळा बंद पडल्या आणि त्यांची कागदपत्रे विखुरली. त्यामुळे या शाळांचे सापडलेले प्रत्येक ईयरबुक मोलाचे आहे. नॉर्थ कॅरोलिनाच्या ‘डिजिटलएनसी’ प्रकल्पाने अशी ईयरबुके मिळवून सर्वांसाठी खुली केली आहेत, आणि इतर राज्यांनीही हेच करायला हवे असे मला मनापासून वाटते.

पायरी ३ : फोटोखालची ओळ वाचा

बहुतेक जण फोटो पाहून पान उलटतात. खरी माहिती मात्र त्याखालच्या बारीक ओळीत असते. समजा, तेथे ‘बँड १, २, ३, ४, एफएफए २, ३, सीनियर प्ले ४’ असे छापले आहे. हे आकडे हायस्कूलच्या चार वर्षांचे आहेत. मुलगा नववीपासून बँडमध्ये होता. दहावी-अकरावीत तो ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ या १९२८ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचा सदस्य होता, म्हणजे शेतीशिक्षणाशी त्याचा संबंध होता. आणि शेवटच्या वर्षी त्याने वर्गाच्या नाटकात भाग घेतला. आता पुस्तकाच्या मागील सूचीतून बँडचे पान, नाटकाचे पान आणि शेतीसंघटनेचा समूहफोटो काढावा, ओळीतील नावे डावीकडून उजवीकडे मोजावीत आणि तोच चेहरा ओळखावा. स्टुडिओतल्या कोटाआड न दिसलेला मुलगा येथे हातात वाद्य घेऊन, मित्रांच्या घोळक्यात उभा असतो. सर्व आकडे ३ पासूनच सुरू होत असतील, तर तो अकरावीत दुसऱ्या शाळेतून आला असण्याची शक्यता धरून जुन्या शाळेचे ईयरबुकही शोधावे.

सूचीत नाव नाही, म्हणजे विद्यार्थी नव्हता असे मानू नये. विभागाच्या शेवटी ‘फोटो उपलब्ध नाही’ अशा अर्थाची छोटी यादी असते. फोटो काढायच्या दिवशी गैरहजर राहिलेली किंवा स्टुडिओचा खर्च न परवडलेली मुले तिच्यात भेटतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अंकांत शिक्षण अर्धवट टाकून सैन्यात गेलेल्यांची नावे वेगळ्या पानावरही आढळतात. त्याच काळात कॅलिफोर्नियातील मांझनार येथील छावणीत डांबलेल्या जपानी-अमेरिकन मुलांनी १९४४ मध्ये ‘अवर वर्ल्ड’ नावाचे आपले ईयरबुक काढले. काटेरी तारांच्या आतही वर्ग, संघ आणि नाटके यांची रीतसर नोंद त्यांनी ठेवली, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

पायरी ४ : पडताळणी करा

ईयरबुक छपाईला जाते तेव्हा शालेय वर्ष पुष्कळदा संपलेले नसते. म्हणून सीनियर विभागातील फोटो हा पदवीदानाचा पुरावा नव्हे. मे-जूनमधील स्थानिक वर्तमानपत्रात पदवी मिळालेल्यांची यादी छापून येत असे. तिच्याशी नाव ताडून पाहावे. वर्गाने केलेली थट्टेखोर भाकिते किंवा ‘सर्वांत यशस्वी होईल’ अशा पदव्या वाचून माणसाच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढू नयेत. त्या सोबत्यांच्या गमती होत्या.

पायरी ५ : प्रत करा आणि सुपूर्द करा

जुनी बांधणी दाबून सपाट करू नये. पुस्तक उशीच्या आधाराने अर्धवट उघडावे आणि फ्लॅश न वापरता खिडकीच्या उजेडात फोटो घ्यावा. स्कॅनर वापरता येत असेल, तर छोट्या फोटोंसाठी ६०० डीपीआय (दर इंचातील ठिपक्यांची संख्या) ठेवावे. छपाईतील ठिपक्यांमुळे जाळी दिसू लागल्यास ती जाळी पुसणारा ‘डीस्क्रीन’ हा पर्याय निवडावा, पण मूळ प्रत टिफ या फोटोचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल-स्वरूपात आहे तशीच जपावी. नुसता चेहरा कापून घेऊ नये. नावासह पूर्ण पान आणि पुस्तकाचे मुखपृष्ठही टिपावे.

१९७८ पूर्वी कॉपीराइटची सूचना न छापता प्रसिद्ध झालेली अमेरिकन ईयरबुके साधारणपणे सार्वजनिक मालकीची ठरतात, म्हणून सुरुवातीची पाने तपासावीत. कायद्याची अडचण नसली तरी मागच्या कोऱ्या पानांवर मित्रांनी हाताने लिहिलेला मजकूर खासगी असतो; लिहिणारे हयात असू शकतात, तेव्हा तो घरच्यांच्या संमतीविना प्रसिद्ध करू नये. शेवटी फाइलला आडनाव, शाळा, गाव, वर्ष आणि पान क्रमांक असे नाव द्यावे आणि एक प्रत कुटुंबाला, तर दुसरी त्या गावाच्या ग्रंथालयाला किंवा इतिहास मंडळाला पाठवावी.