प्रतिजैविक संवेदनशीलतेचा कृत्रिम डेटा : विश्लेषणाच्या सरावासाठी तो कसा घडवावा

एम.एस्सी. करून आमच्या रत्नागिरीकडच्या लॅबमध्ये रुजू होणाऱ्या मुलामुलींना कल्चर लावता येते, म्युलर-हिंटन अगार या माध्यमावर औषधाची डिस्क ठेवून दुसऱ्या दिवशी झोन (डिस्कभोवती जीवाणू न वाढलेले वर्तुळ) मोजता येतो. परंतु वर्षभराच्या रिपोर्टांवरून रुग्णालयाचा अँटिबायोग्राम (कोणता जीवाणू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो, याचा तक्ता) काढायला सांगितला की बहुतेकांची गाडी अडते. सरावासाठी खरा डेटा हाती पडत नाही, कारण त्यात रुग्णांची माहिती असते आणि परवानग्या मिळेपर्यंत प्रशिक्षणाचा काळ सरून जातो. म्हणून मी नवख्यांना आधी कृत्रिम डेटा घडवायला लावतो. त्याचा खरा फायदा असा की, उत्तर आपणच आत पेरलेले असल्याने विश्लेषणातून तेच बाहेर आले की नाही, हे पडताळून पाहता येते. खऱ्या डेटात ही सोय नाही.

बहुतेक जण सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. एक्सेलच्या रकान्यांत एस (संवेदनशील), आय (मधला), आर (प्रतिरोधक) ही अक्षरे यादृच्छिक पद्धतीने भरली जातात आणि दिसायला नीटस असा तक्ता तयार होतो. त्यात क्लेब्सिएला अँपिसिलिनला सेन्सिटिव्ह निघते, प्रोटियस नायट्रोफ्युरँटोइनला दाद देतो आणि ई. कोलायच्या रांगेत व्हँकोमायसिनचा निकाल बसलेला असतो. पहिल्या दोन ठिकाणी प्रतिरोध जीवाणूच्या मूळ घडणीतच आहे आणि तिसरी चाचणी कोणी लावतच नाही. अनुभवी माणूस असा तक्ता पाहताक्षणी बाजूला सारतो. आर या संगणकभाषेतील एएमआर पॅकेजमध्ये झोन, एमआयसी (जीवाणूची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा) आणि निकाल यादृच्छिक पद्धतीने तयार करणारी फंक्शन्स आयती मिळतात व हात बसण्यासाठी ती चांगली आहेत. मात्र प्रत्येक औषधाचा निकाल त्यांनी स्वतंत्रपणे काढला, तर औषधांमधले परस्परसंबंध त्यात येत नाहीत. समजा, सेफ्ट्रियाक्झोन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या दोन्हींना 60 टक्के प्रतिरोध ठरवला. निकाल स्वतंत्र असतील, तर दोन्हींना एकदम प्रतिरोधक असणारे आयसोलेट (नमुन्यातून वेगळे काढलेले जीवाणू) 36 टक्क्यांच्या आसपास निघतील. प्रत्यक्षात ईएसबीएलची (सेफ्ट्रियाक्झोनसारखी औषधे निकामी करणाऱ्या विकरांची) जनुके ज्या प्लास्मिडवर (जीवाणूतल्या सुट्या डीएनएच्या तुकड्यावर) असतात, त्याच प्लास्मिडवर इतर औषधांचा प्रतिरोधही अनेकदा सोबतीने येतो, त्यामुळे हा आकडा बराच वर जातो.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी रुग्ण, वॉर्ड व नमुना, मग जीवाणू, मग त्याचा छुपा प्रकार (साधा, ईएसबीएल किंवा मेरोपेनेमसारखी औषधेही निकामी करणारे कार्बापेनेमेज बनवणारा), त्या प्रकारानुसार मिलिमीटरमधला झोन आणि एस-आय-आर सर्वांत शेवटी. झोनचे आलेख सहसा दोन उंचवट्यांचे असतात. ई. कोलाय व सेफ्ट्रियाक्झोनसाठी मी संवेदनशील गटाची सरासरी 30 मिमी आणि प्रमाण विचलन 2 धरतो, कारण नियंत्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या एटीसीसी 25922 या स्ट्रेनची मान्य मर्यादाच 29 ते 35 मिमी आहे. ईएसबीएल गटासाठी सरासरी 10 आणि विचलन 4 धरतो. आता संगणक 3 किंवा 4 मिमीसुद्धा काढून देईल, पण डिस्कच 6 मिमीची असल्याने त्याखालचा आकडा असूच शकत नाही. तो 6 करावा लागतो. मग आलेखात 6 वर एक उंच खांब उभा राहतो आणि खऱ्या लॅबच्या आलेखातही तो असतोच. आणखी बारकावा हवा असेल, तर 19 आणि 21 ची काही मापे 20 कडे सरकवावीत. पट्टी धरून मोजणाऱ्या हाताची ओढ गोल आकड्याकडे असते, हे रजिस्टर चाळणाऱ्या कोणालाही दिसते.

एमआयसीचे आकडे दुपटीच्या पायऱ्यांवर चालतात : 0.25, 0.5, 1, 2, 4. त्यामुळे ते 2 च्या पायाच्या लॉगरिदममध्ये तयार करून पूर्णांकावर आणावेत आणि मग परत फिरवावेत. यंत्रातून येणारी ‘≤0.25’ किंवा ‘≥64’ अशी चिन्हेही ठेवावीत, कारण ती मजकूर म्हणून वाचली जातात व नवख्याची पहिली अडचण तिथेच होते.

मिलिमीटर का जपायचे, याचे उत्तर सीएलएसआय या चाचण्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या 2019 च्या बदलात आहे. एंटेरोबॅक्टेरेल्ससाठी (ई. कोलाय, क्लेब्सिएला ज्यात येतात तो गट; साल्मोनेला वगळून) सिप्रोफ्लॉक्सासिनची संवेदनशीलतेची सीमा 21 मिमीवरून 26 मिमीवर गेली. 23 मिमीचा जो आयसोलेट आधी एस होता, तो आता आय ठरतो. ज्यांच्याकडे केवळ अक्षरे आहेत, त्यांच्या आलेखात त्या वर्षी प्रतिरोध एकाएकी वाढल्यासारखा दिसेल, जीवाणू मात्र तेच आहेत. हा बदल कृत्रिम फाइलमध्ये मुद्दाम घालून पाहावा.

सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट मात्र रिकाम्या चौकटींत आहे. पुष्कळ लॅब मेरोपेनेम सरसकट न लावता पहिल्या फळीची औषधे निकामी ठरली तरच लावतात. समजा, 200 ई. कोलाय आहेत, त्यांपैकी 80 सेफ्ट्रियाक्झोनला प्रतिरोधक आहेत आणि मेरोपेनेमला प्रतिरोधक असलेले 20 जण याच 80 मध्ये आहेत. सर्वांची चाचणी झाली, तर प्रतिरोध 10 टक्के. फक्त त्या 80 ची झाली, तर 25 टक्के. हाच आकडा भिंतीवरच्या तक्त्यात चढला, तर डॉक्टर मंडळी विनाकारण त्याहून वरच्या औषधाकडे वळतील. पूर्ण फाइल आणि चौकटी पुसलेली फाइल शेजारी ठेवून हा फरक स्वतः काढल्याशिवाय तो अंगवळणी पडत नाही.

अतिदक्षता विभागातल्या एकाच रुग्णाचे अॅसिनेटोबॅक्टर पुन्हा पुन्हा वाढत राहते, तेव्हा तशा पुनरावृत्त ओळीही घालाव्यात. सीएलएसआयच्या अँटिबायोग्रामसाठीच्या एम39 मार्गदर्शिकेनुसार एका रुग्णाचा त्या कालावधीतला, त्या प्रजातीचा पहिलाच आयसोलेट धरायचा असतो. तारखा वर्षभर सारख्या पसरवू नयेत. आमच्याकडे गणपतीत चाकरमानी गावी येतात, वाड्या भरतात, पण नेमके तेव्हाच अर्धी लॅब सुट्टीवर असते. अशा आठवड्यांत रुग्ण आणि लागलेली कल्चर यांचे प्रमाण बिघडते आणि महिनावार आलेख फसवा होतो.

एम39 एका प्रजातीचे किमान 30 आयसोलेट मागते. तालुक्याच्या ठिकाणी वर्षभरात तेवढेही जमत नाहीत, अशा प्रजाती कितीतरी असतात. 30 पैकी 15 प्रतिरोधक निघाले, तरी 95 टक्के विश्वासांतर (खरा आकडा ज्यात असण्याची दाट शक्यता असते तो पट्टा) साधारण 33 ते 67 टक्के इतके रुंद असते. खरा प्रतिरोध 50 टक्के ठेवून 30-30 आयसोलेटच्या फाइली शंभर वेळा तयार कराव्यात आणि प्रत्येकीतून निघालेली टक्केवारी आलेखावर मांडावी. एका वर्षी 40 आणि पुढच्या वर्षी 60 टक्के आले, म्हणून धावपळ करण्याआधी हा आलेख पाहावा. अशा वेळी दोन-तीन वर्षांचा डेटा किंवा शेजारच्या लॅबचा डेटा एकत्र करण्याची वाट एम39 मध्येच दिलेली आहे.

यादृच्छिक आकड्यांचे बीज (सीड, म्हणजे ते जिथून सुरू होतात तो आकडा) कोडमध्ये पक्के नोंदवावे, म्हणजे तीच फाइल पुन्हा तयार करता येते. छुप्या प्रकाराचा रकाना वेगळ्या फाइलमध्ये ठेवून उरलेला तक्ता सहकाऱ्याला सोडवायला द्यावा. फाइलच्या नावात आणि प्रत्येक ओळीत ‘कृत्रिम’ असे लिहावे व ती लॅबच्या व्होनेटच्या (प्रतिरोधाच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) फोल्डरपासून दूर ठेवावी, कारण तिथे जे जाते ते पुढे जिल्ह्याच्या अहवालातही जाऊ शकते.